तापवणे सोपे, थांबवणे अवघड
विजेच्या सरकत्या भट्टीची कथा

आमच्या शहरातील एका पिझ्झाच्या दुकानात मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही कामासाठी बसलो होतो. दुकानात सरकत्या पट्ट्याची विजेची भट्टी आहे. एका तोंडाने कच्चा पिझ्झा आत जातो, जाळीदार पट्ट्यावरून हळूहळू सरकतो आणि पाच-सहा मिनिटांनी दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर येतो. त्या दिवशी भट्टी तापतच नव्हती. पट्टा फिरत होता, पंख्याचा आवाज येत होता, आकडे दाखवणारी चौकट उजळलेली होती; पण आकडा मात्र खोलीच्या तापमानापुढे सरकत नव्हता.

मिस्त्री आले. त्यांनी आधी हीटरला हातच लावला नाही. बाजूचे झाकण उघडून ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मालक, भट्टी बिघडलेली नाही. भट्टी थांबलेली आहे." पंख्याच्या हवेचा दाब एका छोट्या स्विचपर्यंत नेणारी बोटभर नळी उष्णतेने तडकून निसटली होती. पंखा चालू असूनही त्या स्विचला तो चालू असल्याचे कळत नव्हते, म्हणून हीटरला वीज मिळत नव्हती.

तरुण मालक घाईत होते. "काका, पंखा तर चालतोय. तेवढा स्विच सोडून डायरेक्ट जोडून द्या की. संध्याकाळची गर्दी आहे."

"आज चालतोय. उद्या थांबला तर भट्टीला कोण सांगणार?" असे म्हणून मिस्त्रींनी नवी नळी आणायला पोराला पाठवले.

त्या एका वाक्याने आम्हाला विचार करायला लावले. विजेची भट्टी म्हणजे तापणारी तार, एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात त्या पेटीतील बहुतेक विद्युत भाग तापवण्यासाठी नसतातच. ते असतात तापणे मोजण्यासाठी, आवरण्यासाठी आणि वेळ आली की थांबवण्यासाठी. या भट्टीचा इतिहास हा उष्णता निर्माण करण्याचा कमी आणि ती आवरण्याचा अधिक आहे. गंमत म्हणजे हा इतिहास विजेच्याही आधी सुरू होतो.

अंडी उबवणारी भट्टी

कॉर्नेलिस ड्रेबेल हा हॉलंडमधील अल्कमार गावचा. जन्म १५७२ चा. पुढे तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. सुमारे १६२० मध्ये त्याने अंडी उबवण्यासाठी एक भट्टी केली. अंडी उबवायची तर तापमान दिवसेंदिवस एकसारखे हवे. रात्रंदिवस जागून जाळ कमी-जास्त कोण करणार? ड्रेबेलने पेटीभोवतीच्या पाण्यात मद्यार्काने भरलेले काचपात्र बसवले. त्याच्या नळीच्या टोकाला पारा होता. उष्णता वाढली की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर ढकलला जाई, पाऱ्यावर टेकलेली दांडी उचलली जाई आणि हवेची झडप मिटे. हवा कमी झाली की जाळ मंदावे. पाणी निवले की सारे उलट घडे.

माणसाने हात न लावता भट्टीने स्वतःच स्वतःला आवरणे, ही कल्पना इथे प्रथमच इतक्या स्पष्ट रूपात दिसते. ड्रेबेलचे हे पात्र आपण लक्षात ठेवू. ते आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

जळून न जाणारी तार

विद्युतधारेने तार तापते, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ठाऊक होते. किती तापते याचा नियम जेम्स ज्यूलने १८४० मध्ये शोधला. निर्माण होणारी उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या, तारेच्या रोधाच्या आणि वेळेच्या समप्रमाणात असते, हा नियम आपण नववी-दहावीला शिकवतोच.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडले होते. लोकांनी ते कौतुकाने पाहिले. पण घरोघरी आणि बेकऱ्यांत ते लगेच पोचले नाही. अडचण तारेची होती. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली की हवेतील ऑक्सिजनशी तिचा संयोग होतो, पापुद्रे सुटतात आणि तार तुटते. प्लॅटिनम टिकते, पण ते परवडणार कोणाला?

उत्तर सापडले अमेरिकेतील अल्बर्ट मार्शला. निकेल आणि क्रोमियम यांच्या त्याच्या संमिश्राला १९०६ मध्ये पेटंट मिळाले. हेच आपले नायक्रोम. साधारण ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम. तापल्यावर याच्याही पृष्ठभागावर ऑक्साइड तयार होते. पण क्रोमियम ऑक्साइडचा तो थर घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. म्हणजे जो गंज लोखंडाला खातो, त्याच जातीची क्रिया इथे राखणदार होते. शिवाय नायक्रोमची रोधकता तांब्याच्या साठपटीहून अधिक असल्यामुळे थोड्या लांबीच्या तारेत पुरेसा रोध मिळतो. आणि लालभडक झाल्यावरही हा रोध दहा टक्क्यांपेक्षा अधिक बदलत नाही.

आजच्या भट्टीत ही तार उघडी नसते. धातूच्या नळीच्या मध्यभागी तार आणि भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, अशी तिची रचना असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. तिचा एक अवगुण आहे. ती हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेली भट्टी सुरू करताच कधीकधी वीजगळती रोखणारा स्विच पडतो, त्याचे एक कारण हेच.

वेळेचे झाले वेग

तार मिळाली, उष्णता मिळाली. आता प्रश्न वेळेचा. जुना भट्टीवाला पावाचा रंग पाहून, वास घेऊन पाव बाहेर काढतो. पण तो एकाच वेळी दहा ठिकाणी पाहू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बिस्किटांचे मोठे कारखाने निघाले तेव्हा यावर तोड निघाली. भट्टीत माल ठेवून वाट पाहण्याऐवजी मालच साखळीवरून भट्टीतून नेऊ लागले.

या युक्तीत एक सुंदर गणित आहे. समजा, भट्टीची आतील लांबी १०० सेंटिमीटर आहे आणि पिझ्झाला ६ मिनिटे हवीत. तर पट्टा मिनिटाला सुमारे १६.७ सेंटिमीटर सरकला पाहिजे. म्हणजे भाजण्याचा वेळ आता घड्याळात नसून मोटरच्या वेगात आहे. मोटर २० टक्के मंदावली, तर वेळ ६ ऐवजी साडेसात मिनिटे होईल आणि पिझ्झा करपेल. म्हणून मोटर नुसती फिरून भागत नाही, ती किती फिरते हे कोणीतरी सतत मोजले पाहिजे.

हे काम अनेक भट्ट्यांत एक लहानसा चुंबक आणि एक संवेदक मिळून करतात. विद्युतधारा वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले की पट्टीच्या दोन कडांमध्ये विभवांतर निर्माण होते, हा शोध एडविन हॉल याने १८७९ मध्ये लावला. मोटरच्या दांड्यावरचा चुंबक संवेदकासमोरून गेला की एक स्पंद मिळतो. स्पंद कमी झाले की नियंत्रक मोटरला अधिक शक्ती देतो. हॉलच्या हयातीत केवळ प्रयोगशाळेत राहिलेला हा परिणाम आज पिझ्झा करपू देत नाही!

अमेरिकेतील चार्ल्स स्ट्राइट या कारागिराची हकीकत याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. मिनेसोटातील ज्या कारखान्यात तो काम करी, तिथल्या उपाहारगृहात पाव रोज करपलेला मिळे, कारण भाजणाऱ्याचे लक्ष एका जागी राहत नसे. स्ट्राइटने वेळ संपताच वीज तोडून पाव वर उडवणारा टोस्टर रचला. १९२१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याने अधिक उष्णता देणारे यंत्र केले नाही, वेळेवर थांबणारे यंत्र केले.

तापमान कळणार कसे?

वेळ नेमका झाला तरी तापमान चुकले तर काय उपयोग? ते मोजायला प्रथम उपयोगी पडली द्विधातू पट्टी. इंग्लंडमधील घड्याळजी जॉन हॅरिसन याने १७४० नंतर हाती घेतलेल्या आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी वापरली. तापमान बदलले की पट्टी वाकते आणि घड्याळाची चूक सावरते. १८३० मध्ये ग्लासगोचा रसायनज्ञ अँड्र्यू यूर याने अशाच वाकणाऱ्या पट्टीने उष्णता आवरण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. आपल्या इस्त्रीत आजही ती पट्टी असते.

भट्टीसाठी मात्र याहून नेमके साधन हवे होते. १८२१ मध्ये जर्मनीत टॉमस सीबेक याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून वलय केले आणि एक जोड तापवला, तर शेजारची चुंबकसूची हलते. वलयातून विद्युतधारा वाहत होती. हेच थर्मोकपल. भट्टीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्मोकपलची एक तार निकेल आणि क्रोमियम यांच्या संमिश्राचीच असते. म्हणजे मार्शच्या संमिश्राचे कुटुंब भट्टी तापवतेही आणि किती तापली ते सांगतेही! अशा थर्मोकपलमध्ये दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. २५० अंशांना होतात जेमतेम १० मिलिव्होल्ट. एवढ्याशा विभवांतरावर सारा कारभार चालतो.

आता एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा. थर्मोकपलची तार तुटली तर काय होईल? विभवांतर शून्य. नियंत्रकाला वाटेल, भट्टी थंड आहे. तो तापवतच राहील. हा धोका ओळखून नियंत्रकाची रचना अशी करतात की, तार तुटताच आकडा शून्यावर न जाता सर्वांत वर जावा. भट्टी फार तापली असे समजून नियंत्रक वीज तोडतो. खोटेच बोलायचे तर सुरक्षित बाजूने बोलायचे, अशी ही योजना आहे.

बोटाने पहाड हलवायचा

एका मध्यम भट्टीला २४ किलोवॉट लागतात असे धरू. २४० व्होल्टच्या एका फेजवर ती चालवायची तर १०० अँपिअर घ्यावे लागतील. म्हणून ती थ्री फेजवर चालवतात. सुमारे ४१५ व्होल्टच्या तीन फेजांत भार सारखा वाटला की प्रत्येक तारेतून ३३ अँपिअरच जातात. थ्री फेज पद्धत उपयुक्त आहे हे जगाला पटले १८९१ मध्ये. त्या वर्षी जर्मनीत लाउफेन येथील जलविद्युत १७५ किलोमीटर दूर फ्रँकफर्टच्या प्रदर्शनापर्यंत नेण्यात आली.

पण ३३ अँपिअरची धारा तो दहा मिलिव्होल्टचा इशारा कशी तोडणार? इथे विद्युतचुंबक मदतीला येतो. लहान परिपथातील धारेने विद्युतचुंबक चालवून मोठा परिपथ जोडायचा-तोडायचा, ही युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ मध्ये योजली. तिचे मोठे रूप म्हणजे कॉन्टॅक्टर. भट्टी सुरू होताना जो "खट्" आवाज येतो तो त्याचा. मिस्त्री कान देऊन ऐकत होते तो हाच आवाज, आणि तो येत नव्हता.

कॉन्टॅक्टर मिनिटाला अनेकदा उघडमीट करू लागला तर त्याचे संपर्कबिंदू झिजतात. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सिलिकॉनचा थायरिस्टर तयार झाला आणि कोणताही भाग न हलवता मोठी धारा जोडता-तोडता येऊ लागली. त्यामुळे उष्णता थोड्याथोड्या घासांत देता येते.

हे घास किती मोठे असावेत? यासाठी दुधाचे उदाहरण घेऊ. कॉइलच्या शेगडीवर दूध वर आले की आपण बटण बंद करतो, तरीही दूध उतू जाते. कॉइलमध्ये साठलेली उष्णता बटणाचे ऐकत नाही. जाणती गृहिणी दूध वर यायच्या आधीच, ते किती वेगाने तापते आहे ते पाहून, भांडे उतरवते. भट्टीच्या नियंत्रकालाही हेच शिकवावे लागले. चूक आता किती आहे, आतापर्यंत किती साचली आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या तिन्ही गोष्टी पाहून निर्णय घ्यायची रीत निकोलस मिनोर्स्की याने १९२२ मध्ये गणितात मांडली. त्याच्यासमोर प्रश्न होता जहाज सरळ मार्गावर ठेवण्याचा. कुशल सुकाणूवाले काय करतात, ते त्याने पाहिले होते. सुकाणूवाल्याचे शहाणपण पुढे भट्टीत उतरले.

राखणदारांची साखळी

एवढे सगळे करूनही काहीतरी बिघडणारच. कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटू शकतात. अर्धवाहक स्विच बिघडला तर बहुधा "चालू" अवस्थेतच अडकतो. अशा वेळी हीटर थांबायचे नाव घेत नाही.

म्हणून हीटरच्या वाटेवर काही राखणदार उभे करतात. या जातीच्या भट्टीत पंखा गरम हवेचे झोत पिझ्झावर मारतो. त्यामुळे पदार्थाभोवतीचा थंड हवेचा थर मोडतो आणि भाजणे लवकर होते. पण पंख्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे. तो हीटरची उष्णता वाहून नेतो. पंखा थांबला आणि हीटर चालू राहिला, तर उष्णता जागच्या जागी साचते, नळ्या जळतात, तारांचे आवरण वितळते, तेलाचे थर पेट घेऊ शकतात. म्हणून नियम असा की, आधी हवा, मग उष्णता. हवेचा दाब जाणवल्याशिवाय तो छोटा स्विच परिपथ पुरा करत नाही. भट्टी बंद केल्यावरही आतील तापमान बरेच उतरेपर्यंत, साधारण ९०-१०० अंशांपर्यंत, पंखा फिरत राहतो. घाईने मेन स्विच पाडणारा माणूस हे थंड होणेच तोडत असतो.

दुसरा राखणदार म्हणजे कमाल तापमानाचा स्विच. अनेक भट्ट्यांत तो असा असतो: द्रवाने भरलेली धातूची छोटी कुपी भट्टीत, तिच्यापासून निघालेली केसासारखी नळी बाहेर. द्रव प्रसरण पावला की नळीच्या टोकाची पातळ चकती फुगते आणि संपर्क तोडते. पुन्हा जोडायला माणसाने येऊन बटण दाबावे लागते. ओळखलेत ना? हे ड्रेबेलचे पात्रच! चारशे वर्षांनंतरही सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठीमागे शेवटचा पहारा त्याचाच आहे. कारण त्याला तापमान समजण्यासाठी वीज लागत नाही.

तिसरा राखणदार भिंतीवर. धारा मर्यादेबाहेर गेली की आपोआप पडणारा आणि पुन्हा वर करता येणारा छोटा स्विच जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ याच्या कंपनीने १९२४ मध्ये केला. त्याच्या जोडीला अर्थिंग आणि वीजगळती ओळखणारा स्विच.

भट्टीतले राखणदार एकसर जोडणीत असतात. एकसर जोडणीत एक दिवा गेला की सगळे विझतात, हा दोष म्हणून आपण शिकवतो. इथे तोच गुण आहे. साखळीतील कोणताही एक "नाही" म्हणाला की कॉन्टॅक्टरच्या कुंतलाची धारा तुटते आणि हीटर थांबतो. "डायरेक्ट जोडणे" म्हणजे त्यांतल्या एका राखणदाराच्या तोंडाला कुलूप लावणे. तोटा त्या दिवशी दिसत नाही, म्हणूनच ते धोक्याचे.

वर्गापर्यंत

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या प्रकरणात, लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असे निर्देश दिले. लाकडाच्या भट्टीवर पिढ्या काढलेल्या कारागिरांना जाळ वाचता येतो. विजेच्या भट्टीत जाळ दिसत नाही. तिथे वाचावी लागते ती राखणदारांची भाषा: कोण थांबवतो आहे, आणि का? ही भाषा ज्याला येत नाही, तो थांबलेल्या भट्टीला बिघडलेली समजतो आणि "डायरेक्ट" जोडतो. आपल्या वर्गातील कित्येक मुले उद्या वायरमन, बेकरीवाले किंवा दुकानदार होणार आहेत.

सुरुवात इस्त्रीपासून करता येईल. इस्त्री तिच्या स्टँडवर उभी ठेवून, तिला हात न लावता, दिवा किती सेकंद लागतो आणि किती सेकंद विझलेला राहतो, याची अर्धा तास नोंद मुलांनी घरच्या मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावी आणि आलेख काढावा. पहिल्यांदा दिवा बराच वेळ का लागलेला असतो? नंतर तो कमी वेळ का लागतो? पंखा लावल्यावर काय फरक पडतो? उत्तरे त्यांनाच शोधू द्यावीत. उपकरण उघडायचे मात्र नाही.

त्या संध्याकाळी नवी नळी बसायला पाऊण तास गेला. मालकांचे काही गिऱ्हाईक परत गेले आणि ते जरा नाराजच होते. नळी बसवून मिस्त्रींनी बटण दाबले. आधी पंखा सुरू झाला. मग "खट्" आवाज आला आणि आकडा हळूहळू वर चढू लागला. मिस्त्रींनी लगेच झाकण लावले नाही. पंख्याची वायर काढून त्यांनी पाहिले, हीटर थांबतो का? थांबला. मगच त्यांनी ती पुन्हा जोडली आणि झाकणाचे स्क्रू आवळले.